हाताची नाडी आणि घरचे पहारेकरी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने दिलेले व्याख्यान)





प्रारंभीच एक गोष्ट कबूल करतो. मी डॉक्टर नाही. मराठी व इतिहास शिकवणारा, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. या व्यासपीठावरून दरवर्षी कोणीतरी शिक्षणाचे महत्त्व सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण यंदा मी अध्यक्षसाहेबांकडून आरोग्याचा विषय मुद्दाम मागून घेतला. त्याला कारण एक चूक आहे, आणि ती चूक माझी स्वतःची आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगणार नाही. ती आज या मंडपात आहे की नाही, हेही सांगणार नाही. तिच्या व तिच्या आईवडिलांच्या संमतीनेच मी हे बोलतो आहे. वडील सेंट्रिंगचे काम करणारे, आई घरी शिवणकाम करणारी. मुलगी हुशार, उत्तरे तोंडपाठ. पण लेखी परीक्षेत तिची गत निराळी होई. पहिली दोन पाने मोत्यासारख्या अक्षरांची, तिसऱ्या पानावर अक्षर वाकडे व्हायचे आणि चौथ्या पानावर पेन खाली. मग ती हात झटकत बसायची. मी विचारले तर म्हणे, "सर, हात गळून जातो. थोडा वेळ थांबले की पुन्हा लिहिता येते."

मी काय केले? भर वर्गात म्हणालो, "घरी भाकऱ्या थापताना नाही वाटते गळत?" वर्ग हसला. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि आवाज अगदी हळू. म्हणाली, "सर, पोरगी कामचोर नाही. घरीपण तिचा हात गळतो. कपडे पिळताना मध्येच बसते. अंगात कणकण असते, वजन उतरले आहे. एका दवाखान्यात दाखवले, त्यांनी टॉनिक दिले." मी "बरे, बरे" म्हणून त्यांना वाटेला लावले.

त्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणीसाठी डॉक्टर आले. एक तरुण डॉक्टरीण बाई मुलींचा रक्तदाब मोजत होत्या. हिच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला तर यंत्र काही आकडाच दाखवीना. "मशीन बिघडले वाटते," असे म्हणून त्यांनी दुसरे यंत्र घेतले. तेही मुके. मग पट्टा डाव्या दंडाला बांधला आणि आकडा आला तो १७० च्या घरात. पंधरा वर्षांच्या मुलीचा! डॉक्टरीण बाईंनी यंत्र बाजूला ठेवले. तिची दोन्ही मनगटे आपल्या दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच बसल्या. मग मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "सर, या मुलीच्या उजव्या हाताला नाडी लागत नाही."

ज्या हाताने ती लिहीत होती, त्याच हाताला. मित्रांनो, शिक्षकाच्या आयुष्यात लाज वाटण्याचे प्रसंग येतात. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग हाच.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, डॉक्टरांना विचारले, समजून घेतले. आज जे सांगतो आहे ते असे गोळा केलेले आहे.

नाडी म्हणजे काय, येथून सुरुवात करू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हकीमसाहेब मनगटावर तीन बोटे ठेवून नब्ज पाहत. इब्न सिनाने आपल्या 'कानून' या ग्रंथात नाडीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. दर वेळी रक्ताची एक लाट महाधमनीतून निघते आणि तिच्या फांद्यांतून हातापायांपर्यंत पोहोचते. बोटाला लागते ती हीच लाट. आपल्या शाळेच्या पुस्तकात या नळ्यांना रोहिणी किंवा धमनी म्हटले आहे. महाधमनी हृदयापाशी जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद असते. इतिहासाचा शिक्षक म्हणून आणखी एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसातून फिरून डाव्या कप्प्यात येते, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस याने लिहून ठेवले. तो दमास्कसचा, कैरोला वैद्यकी करीत असे, आणि १२८८ मध्ये वारला. युरोपात विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ १६२८ साली निघाला.

आता एक समजूत दूर करायची आहे. आपल्याला वाटते की धमनी म्हणजे नळाचा पाइप. गंगापूर धरणाचे पाणी पाइपातून येते, पाइप जुना झाला की आत क्षार धरतात, तशी धमनीत चरबी धरते. ही उपमा अर्धीच खरी. लोखंडी पाइप निर्जीव असतो. धमनीची भिंत जिवंत असते. तिचे तीन थर असतात. आतला थर गुळगुळीत व नाजूक, मधला स्नायूंचा व लवचीक तंतूंचा, आणि बाहेरचा मजबूत वेष्टनाचा. मोठ्या धमनीच्या भिंतीला स्वतःला पोसण्यासाठीही बारीक रक्तवाहिन्या असतात. आणि जेथे जिवंत ऊती असतात, तेथे शरीराचे पहारेकरीही असतात.

हे पहारेकरी म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या एका बारीकशा थेंबात त्या हजारोंनी असतात. डॉक्टर रक्ताच्या तपासणीत चार हजार ते अकरा हजार असा जो आकडा पाहतात, तो तर त्या थेंबाच्याही एका लहान अंशातला, एका घन मिलिमीटरमधला. त्यांची ओळख पटवण्यात इल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. १८८२ साली इटलीतील मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात काटा टोचला आणि रात्र जाऊ दिली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तो काट्याभोवती हलत्या पेशींचा वेढा पडलेला. परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या आणि तिला गिळू पाहणाऱ्या या पेशींना भक्षक पेशी असे नाव पडले. या कामाबद्दल त्याला १९०८ साली पाउल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

पहारेकरी अनेक प्रकारचे. कोणी नाक्यावर उभे राहून खबर आणणारे, कोणी खबर ऐकून हुकूम देणारे. त्यांना टी-पेशी म्हणतात. कोणी हुकूम मिळताच गिळणारे व तोडफोड करणारे. यांच्यामुळेच आपण जगतो. खरचटलेला गुडघा यांच्यामुळे बरा होतो, लस यांनाच शिकवते.

पण पहारेकऱ्यांकडून चूक होते तेव्हा? माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात चोर आल्याची अफवा उठली होती. तरुण पोरे लाठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागली. चौथ्या दिवशी पहाटे, अंधारात, सायकलवरून येणाऱ्या एका माणसाला त्यांनी चोर समजून धरले आणि झोडपले. उजेडात पाहतात तो रोजचा दूधवाला! त्या पोरांच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्या घराचे रक्षण करतो आहोत अशीच त्यांची खात्री होती. दूधवाला मात्र पंधरा दिवस अंथरुणावर होता, आणि गल्लीला पंधरा दिवस दूध नव्हते.

त्या मुलीच्या शरीरात हेच घडत होते. तिच्या पांढऱ्या पेशी तिच्याच धमन्यांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. या रोगाला ताकायासूचा धमनीदाह म्हणतात. मिकितो ताकायासू हे जपानमधील कानाझावा येथील नेत्रवैद्य. एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे त्यांना दिसले. १९०८ साली त्याचे वर्णन पुढे आले, तेव्हा दुसऱ्या दोन जपानी डॉक्टरांनी सांगितले की अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही. मेचनिकोव्हला नोबेल मिळाले तेच हे वर्ष. पण रक्षक पेशी आणि रुग्णाची हरवलेली नाडी यांचा संबंध जोडायला पुढे कित्येक दशके लागली.

मित्रांनो, या रोगाच्या अभ्यासात आपल्या महाराष्ट्राचे नाव मानाने घ्यावे लागते, आणि ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले मानवी हृदयरोपण त्यांनी तेथेच केले. रुग्ण काही तासच जगला, पण धाडस मोठे होते. त्याच्याही आधीपासून सेन व त्यांचे सहकारी एक वेगळे कोडे सोडवत होते. तरुण मुली आणि स्त्रिया येत, रक्तदाब भयंकर वाढलेला असे, आणि तपासणीत महाधमनी पोटाच्या भागात आवळलेली सापडे. १९६३ साली सेन, किनरे, इंजिनिअर व परुळकर यांनी त्यावरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. विकृतिशास्त्राच्या डॉ. किनरे यांनी अशा धमन्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासले आणि १९७० साली, लहान वयातला हा महाधमनीचा दाह व क्षयरोग यांच्या संबंधावर लेख प्रसिद्ध केला. पुढे सेन, किनरे, केळकर व परुळकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासाचा स्वतंत्र ग्रंथ मुंबईतून काढला. विशिष्ट जंतू वा कारण सापडत नाही म्हणून त्यांनी या रोगाला 'अविशिष्ट' महाधमनीदाह म्हटले. 'आम्हाला कारण सापडलेले नाही' हे नावातच सांगून टाकणे, हा मला शास्त्राचा मोठेपणा वाटतो.

जपानमध्ये हा रोग बहुधा छातीतल्या कमानीपासून हातांकडे व मानेकडे जाणाऱ्या धमन्यांना धरतो. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्या पुष्कळदा सापडतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडले की ते समजते, सगळ्या शरीराचाच दाब कमी झाला आहे. मग ते दाब वाढवणारी रसायने सोडते. म्हणून त्या मुलीच्या एका हाताला नाडी नव्हती आणि दुसऱ्या हातात दाब १७० होता. दोन्ही गोष्टींचे मूळ एकच.

आत नेमके काय घडते? धमनीच्या बाहेरच्या थरात खबर देणाऱ्या पेशी असतात. त्या काही कारणाने जाग्या होतात. कारण अजून पक्के ठाऊक नाही. एचएलए-बी५२ ही अनुवंशिक खूण असणाऱ्यांत हा रोग अधिक दिसतो, एवढे कळले आहे. क्षयाशी संबंध असावा असा संशय जुना आहे, पण म्हणून हा रोग क्षय नव्हे, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जाग्या झालेल्या पेशी टी-पेशींना बोलावतात. भिंतीला पोसणाऱ्या त्या बारीक वाहिन्यांच्या वाटेने टी-पेशी आत शिरतात व भक्षक पेशींना चेतवतात. काही भक्षक पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनतात. मधल्या थरातले लवचीक तंतू तुटू लागतात. हे चालू असतानाच ताप, कणकण, वजन घटणे ही लक्षणे दिसतात, आणि ती इतकी साधी असतात की टॉनिकवर भागवली जातात. मग शरीर डागडुजी करू लागते. आतला थर जाड होतो, वाट अरुंद होते. डागडुजीच रस्ता बुजवते! हात शाबूत राहतो, कारण आजूबाजूच्या लहान वाहिन्या थोडेफार रक्त पोहोचवतात. स्वस्थ बसलेल्या हाताला ते पुरते. तीन पाने लिहिणाऱ्या हाताला पुरत नाही.

"सर, हात गळून जातो. थोडा वेळ थांबले की पुन्हा लिहिता येते." पाहा, त्या पोरीने आपल्या रोगाचे अचूक वर्णन केले होते. ऐकणाराच अडाणी होता.

तिला मुंबईला नेले. पहाटेच्या अंधारात नाशिकरोड स्टेशनवर तिच्या वडिलांबरोबर मीही गाडीत बसलो. तपासण्या झाल्या, निदान झाले, औषध सुरू झाले. ते औषध म्हणजे पहारेकऱ्यांच्या हातातली लाठी खाली घ्यायला लावणारे. प्रेडनिसोलोन नावाचे स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेटसारखी गोळी. दाह शांत झाल्यावर गरज पडली तर फुग्याने धमनी रुंद करतात किंवा शस्त्रक्रियेने वळणमार्ग काढतात. तिच्या मूत्रपिंडाची धमनी फुग्याने रुंद केली. दाब उतरला. ती शाळेत परत आली. मी चाचणीत तिला जास्त वेळ देऊ लागलो आणि भर वर्गात तिची माफी मागितली. वर्ग त्या दिवशी हसला नाही.

माझी गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण खरी परीक्षा पुढे होती, आणि ती आपल्या समाजाची होती.

स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, सुजल्यासारखा दिसतो. मुलगी बारावी झाली, अठरा वर्षे पूर्ण झाली आणि एक स्थळ चालून आले. वडिलांनी विचार केला, महिनाभर गोळी बंद करू, चेहरा उतरेल, पाहुणे पाहून जातील, मग पुन्हा सुरू करू. आजाराबद्दल कोणाला बोलायचे नाही, असे घरात ठरले. त्या बापाला मी दोष देत नाही. मुलीचे चांगले व्हावे म्हणूनच तो धडपडत होता. पण महिनाही पुरा झाला नाही. मुलगी घेरी येऊन पडली. ताप आला, रक्तातील दाहाचा आकडा चढला, आणि आतापर्यंत धडधाकट असलेल्या डाव्या हाताची नाडीही मंद लागू लागली.

येथे प्रत्येक आईबापाने लक्षपूर्वक ऐकावे. स्टेरॉइडची गोळी अचानक थांबवणे दोन कारणांनी धोक्याचे असते. एक तर दबलेला रोग उसळतो. दुसरे म्हणजे, बाहेरून औषध मिळत असल्याने शरीरातल्या ज्या ग्रंथी तसला स्राव करतात त्या सुस्तावलेल्या असतात. औषध एकदम तोडले की शरीर उघडे पडते. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि पायरी-पायरीने. चेहरा आपोआप उतरतो. हात गेला तर परत येत नाही.

तिच्या आईने त्या दिवशी जे सांगितले ते मी विसरणार नाही. रुग्णालयाच्या पायरीवर बसून ती म्हणाली, "सर, ज्यांना पोरीची गोळी चालत नाही, त्यांना पोरगी तरी कशी चालेल?" आणि स्थळ आणणाऱ्या नातेवाइकांना तिने सगळे खरे सांगून टाकले. ते स्थळ मोडले. मुलगी पुन्हा औषधावर आली, सावरली, आणि आज औषधनिर्माणशास्त्र शिकते आहे. या रोगाच्या कितीतरी स्त्रिया, रोग काबूत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली संसार करतात, आई होतात. लपवाछपवी मात्र या रोगात जिवावर बेतू शकते.

कोणी म्हणेल, हा रोग तर विरळा, दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणारा. आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की, हेच पहारेकरी आपल्या घरोघरी असलेल्या हृदयरोगातही हजर असतात. येथे त्यांची चूक निराळी आणि संथ असते.

रक्तातील वाईट कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या आतल्या थरात अडकतात. तंबाखूचा धूर, वाढलेला दाब, मधुमेह यांनी तो थर खरवडला गेला की कण आणखी अडकतात आणि बिघडतात. भक्षक पेशी त्यांना कचरा समजून गिळायला धावतात, आणि गिळतच राहतात. त्यांना 'पुरे' म्हणता येत नाही. पोटे फुगून त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात. शास्त्रज्ञ त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. त्या तेथेच मरतात, त्यांचा ढीग साचतो, त्यावर एक पातळ टोपी बसते. टी-पेशी व भक्षक पेशी ती टोपी आतून कुरतडतात. एके दिवशी टोपी फुटते, रक्ताची गुठळी धरते, आणि "कालपर्यंत तर धडधाकट होते हो" असे आपण म्हणतो. नुसती चरबी साचून हे होत नाही. १९१३ साली रशियात आनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत असे डाग निर्माण केले, तेव्हा त्याला त्या डागांतही पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. पण धमनीकाठिण्य हा दाहाचाच रोग आहे हे अमेरिकेच्या रसेल रॉस यांनी १९९९ साली ठामपणे मांडेपर्यंत पेशींकडे लक्ष थोडे आणि चरबीकडे फार, असेच चालले.

मग पहारेकऱ्यांना आवरणारे औषध देऊन हृदयविकार टाळता येईल का? २०१७ साली याचे मोठे उत्तर मिळाले. आधी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कानाकिनुमॅब या औषधाची चाचणी झाली. कोलेस्टेरॉल कमी न करता, केवळ दाहाचा एक निरोप अडवून, पुन्हा झटका वगैरे येण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. गस्तच बंद केली तर खरा चोर येतो! दुसरे औषध कोल्चिसीन. युनानी हकीम सांधेदुखीवर सुरंजान देतात, त्या वनस्पतीच्या कुळातले हे द्रव्य. २०१९ व २०२० च्या दोन चाचण्यांत अत्यल्प मात्रेने हृदयरुग्णांना फायदा दिसला. २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत, झटका येताच सुरू केलेल्यांत, तो दिसला नाही. शास्त्र असे पुढे जाते, मागे वळून तपासते. पण एक कळकळीची विनंती: हे ऐकून कोणी अत्ताराकडून सुरंजान आणून खाऊ नका. मात्रा चुकली तर ते विष आहे.

आता पालकांनो, आपल्या हातात काय आहे? नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९ च्या सुमारास, असे त्यात दिसले. सहा वर्षे आधी! म्हणजे मुलीचे शिक्षण चालू असताना, मुलगा कामाला लागण्याआधी. आणि त्यांनी कारणे शोधली तर तीच ओळखीची: तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, दाब, मधुमेह, पोटाचा घेर, व्यायामाचा व भाजी-फळांचा अभाव, मनावरचा ताण. बिडी ओढणारा आपल्या धमनीला रोज खरवडतो आणि पहारेकऱ्यांना रोज खोटी हाक देतो. त्यातून पायाच्या बोटांपर्यंत सडवणारा एक वेगळा धमनीदाहही होतो. लिओ बर्गर यांनी तो वर्णिला तोही योगायोगाने १९०८ सालीच. त्यावर पहिला उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. घराघरातल्या बिडीवर व मिसरीवर बंदी आपणच घालायची आहे.

आणखी तीन गोष्टी सांगून मी थांबतो. पहिली: रक्तदाब पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांचा मोजायला सांगा. दोन्हींत दहा-पंधराहून अधिक फरक सारखा येत असेल तर डॉक्टरांना त्याचे कारण विचारा. तरुण मुलगी किंवा मुलगा "हात गळतो", "चक्कर येते", "रोज कणकण असते" असे महिनोन्महिने म्हणत असेल तर टॉनिकवर थांबू नका.

दुसरी: लांब चालणाऱ्या औषधाची लाज बाळगू नका. चष्म्याची लाज वाटत नाही, तशी गोळीचीही वाटू नये.

तिसरी गोष्ट माझ्या शिक्षक बंधुभगिनींसाठी. आपल्यासमोर चाळीस-पन्नास मुले बसतात. जे मूल मध्येच पेन खाली ठेवते, त्याला आळशी ठरवणे सोपे असते. दोन मिनिटे त्याचे ऐकून घेणे अवघड असते. मी सोपे ते केले होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. आता येथेच, बसल्या जागी, उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा. लागली नाडी? आता हात बदला. दुसरीकडेही लागली? अल्हम्दुलिल्लाह. आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांची, दादा-दादींची, दोन्ही हातांची पाहा. सापडली नाही तर घाबरू नका, पुष्कळदा बोट चुकलेले असते. पुन्हा शोधा, आणि तरीही नाही सापडली तर डॉक्टरांकडे न्या. ज्या डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी यंत्र बाजूला ठेवून दोन्ही मनगटे धरली, त्याही कधीकाळी तुमच्यासारख्याच एखाद्या शाळेच्या बाकावर बसलेल्या होत्या. तुमच्यातून अशी बोटे तयार व्हावीत, एवढीच माझी इच्छा.